मोटारीचा विमा उतरविताना

मोटारीच्या विम्याची मुदत संपत आली की एजंटाचा दूरध्वनी येतो. संभाषण बहुधा दोन वाक्यांत आटोपते. "गेल्या वर्षीचाच घ्यायचा ना?" आणि "कितीला बसेल?" घर बांधताना विटांचा भाव चार ठिकाणी विचारणारे, सात-बाऱ्यावरील प्रत्येक नोंद चष्मा पुसून वाचणारे आपण वसईकर मोटारीच्या विम्याचा कागद मात्र न वाचताच गाडीच्या कप्प्यात टाकून देतो. तो उलगडला जातो अपघाताच्या दिवशी.

असे उलगडलेले कागद घेऊन काही मंडळी गेल्या काही वर्षांत आमच्याकडे आली. त्यांच्याशी बोलताना एक गोष्ट ध्यानात आली. विमा घेताना जवळजवळ प्रत्येकाने आपल्या गाडीचा विचार केलेला होता. गाडीचा धक्का लागू शकेल अशा वाटसरूचा, गाडीत बसणाऱ्यांचा आणि गाडी चालविणाऱ्याचा विचार फारच थोड्यांनी केला होता. विम्याची निवड मात्र याच क्रमाने करावयास हवी, असे आमचे मत आहे. पत्र्याचा विचार शेवटी.

प्रथम वाटसरू. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 146 नुसार प्रत्येक वाहनाला त्रयस्थ व्यक्तीच्या हानीचा विमा, म्हणजेच ज्याला आपण 'थर्ड पार्टी' म्हणतो तो, असणे सक्तीचे आहे. तो नसल्यास 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि पुन्हा तोच गुन्हा घडल्यास चार हजार रुपये दंड अशी तरतूद आहे. या विम्याचा हप्ता कंपनी ठरवीत नाही, सरकार ठरविते. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या दरपत्रकात 1000 सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीस वर्षाला 2,094 रुपये, 1000 ते 1500 सीसीपर्यंत 3,416 रुपये आणि त्यावरील मोटारीस 7,897 रुपये असे दर होते. कर त्यावर वेगळा. हे दर सरकार वेळोवेळी बदलते, परंतु एका वेळी सर्व कंपन्यांना ते सारखेच असतात. तेव्हा "दुसरीकडून थर्ड पार्टी निम्म्यात काढून देतो" असे कोणी म्हणाल्यास त्या कागदाच्या खरेपणाविषयीच शंका घ्यावी. बनावट पॉलिसी विकल्या जातात. पॉलिसी हाती आल्यावर काही दिवसांनी एम-परिवहन या सरकारी ॲपवर आपल्या गाडीचा क्रमांक टाकून विम्याची नोंद दिसते की नाही, हे पाहून घेणे शहाणपणाचे.

दंडाच्या भीतीने विमा घेणाऱ्याला त्यामागचा खरा धोका बहुधा ठाऊक नसतो, म्हणून येथे थोडे थांबून हिशेब मांडतो. समजा, रस्ता ओलांडणारा पस्तीस वर्षांचा एक स्वयंरोजगार करणारा गृहस्थ आपल्या गाडीखाली येऊन मरण पावला. चूक चालकाची आहे. तो महिना तीस हजार रुपये मिळवीत होता आणि घरी पत्नी व दोन मुले त्याच्यावर अवलंबून आहेत. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण भरपाई अंदाजाने ठरवीत नाही. सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा (2009) आणि प्रणय सेठी (2017) या निकालांत घालून दिलेली रीत आहे. वार्षिक मिळकत 3 लाख 60 हजार. भविष्यातील वाढ म्हणून त्यात चाळीस टक्के मिळवायचे, म्हणजे 5 लाख 4 हजार. त्यातून मृताचा स्वतःचा खर्च म्हणून एक तृतीयांश वजा करायचा. उरले 3 लाख 36 हजार. पस्तीस वर्षांच्या वयाला गुणक सोळा. गुणाकार होतो 53 लाख 76 हजार रुपये. अंत्यविधीचा खर्च, सहवासाची हानी इत्यादींच्या रकमा आणि व्याज वेगळे.

ही रक्कम विमा असल्यास कंपनी भरते, कारण मृत्यू व शारीरिक इजेच्या बाबतीत तिच्यावरील दायित्वास रकमेची मर्यादा नसते. विमा नसल्यास ती मालकाकडून वसूल होते. आणि वसुलीसाठी घर, वाडी, बँकेतील ठेव यांपैकी काहीही वर्ज्य नसते. मालमत्तेच्या नुकसानीला मात्र साडेसात लाखांची मर्यादा आहे. ही मर्यादा सहा हजारांवर आणून हप्त्यात किरकोळ सूट घेण्याची सोय पॉलिसीत असते. कोणीही ती घेऊ नये. एखाद्याच्या दुकानाची दर्शनी काच फुटली तरी सहा हजार पुरत नाहीत.

विमा असूनही मालकाच्या खिशाला झळ लागण्याचा एक मार्ग आहे आणि तो आपल्या घराघरांतून जातो. परवाना नसलेल्या मुलाच्या वा पुतण्याच्या हाती "जरा नाक्यापर्यंत" म्हणून चावी दिली जाते. अशा वेळी अपघात झाल्यास बळीच्या कुटुंबाला भरपाई विमा कंपनी देते, पण नंतर ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा न्यायालय तिला देऊ शकते. 'आधी द्या, मग वसूल करा' हे तत्त्व 2004 च्या स्वर्ण सिंग निकालापासून रूढ आहे.

आता गाडीत बसणाऱ्यांकडे वळू. आपल्यापैकी पुष्कळांची समजूत अशी की, थर्ड पार्टी विम्यात गाडीतील पाहुणे आपोआप येतात. तसे नाही. केवळ कायद्यापुरती घेतलेली पॉलिसी विनाभाडे बसलेल्या व्यक्तीची भरपाई देण्यास बांधील नाही, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने 2006 च्या तिलक सिंग निकालात घेतली. ते प्रकरण दुचाकीच्या मागे बसलेल्या व्यक्तीचे होते. त्याउलट, सर्वसमावेशक पॉलिसी असेल तर खासगी मोटारीतील प्रवाशांचे दायित्व कंपनीवर येते, हे 2012 च्या बालकृष्णन प्रकरणात स्पष्ट झाले. हा फरक आम्हांला फार महत्त्वाचा वाटतो. बारा वर्षांची जुनी गाडी, बाजारात तिला लाखभर रुपयेही येणार नाहीत, म्हणून लोक नुसत्या थर्ड पार्टीवर येतात. गाडीच्या किमतीपुरता तो निर्णय योग्यच असतो. परंतु त्याच गाडीत रविवारी सकाळी म्हातारे आईवडील, शेजारची मावशी आणि तिची नात बसून मिस्साला जातात. गाडी जुनी झाली म्हणून त्यांच्या जिवाचे मोल घटत नाही. अशा वेळी एकतर कमी मूल्यावर का होईना, सर्वसमावेशक पॉलिसीच चालू ठेवावी, अथवा प्रत्येक आसनामागे दोन लाखांपर्यंतचे वैयक्तिक अपघात संरक्षण जोडून घ्यावे. त्याचा हप्ता माणशी नाममात्र असतो. हे संरक्षण भरपाईची जागा घेऊ शकत नाही, पण रुग्णालयाच्या दारात उभे राहिलेल्या कुटुंबाला त्याचा काही आधार होतो. पगारी चालक ठेवला असल्यास त्याच्या दायित्वाचीही वेगळी नोंद पॉलिसीत करून घ्यावी. तीही अल्प रकमेत होते.

चालविणाऱ्याच्या बाबतीत आपल्या भागात एक विशेष अडचण आहे. मालक-चालकासाठी पंधरा लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण 2018 च्या अखेरीपासून सक्तीचे झाले आहे. परंतु 'मालक-चालक' या जोडशब्दातील दोन्ही अंगे एकाच व्यक्तीत असावी लागतात. नोंदणी पुस्तकावर ज्याचे नाव, पॉलिसी ज्याच्या नावे आणि ज्याच्याजवळ वैध परवाना, त्यालाच हे पंधरा लाख. मुलगा आखातात नोकरीला. गाडी त्याच्या नावे. चालवितो त्याचा धाकटा भाऊ किंवा त्याची पत्नी. असे चित्र आपल्या गावांत सर्रास दिसते. धाकट्या भावाचा अपघात झाला तर गाडीच्या दुरुस्तीचे पैसे मिळतील, समोरच्यालाही मिळतील. त्याला स्वतःला मात्र या पंधरा लाखांतील एक रुपयाही मिळणार नाही. वर्षानुवर्षे हप्ता भरला जात असतो तो दुबईत बसलेल्या माणसाच्या अपघातासाठी! यावर उपाय दोन. जो प्रत्यक्ष गाडी चालवितो त्याच्या नावे स्वतंत्र वैयक्तिक अपघात विमा काढावा, किंवा गाडीच्याच पॉलिसीत त्याचे नावानिशी संरक्षण जोडून घ्यावे. ज्या मालकाजवळ पंधरा लाखांचा असा विमा आधीच आहे, त्याला गाडीबरोबर तो पुन्हा घेण्याची सक्ती नाही. दोन गाड्या असलेल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. हा विमा माणसाचा असतो, प्रत्येक गाडीमागे तो घ्यावा लागत नाही.

एवढे झाल्यावर गाडीकडे यावे. स्वतःच्या गाडीची हानी, चोरी, आग, पूर, दंगल या सर्वांसाठीचा भाग म्हणजे 'ओन डॅमेज', बोलीभाषेत 'फुल इन्शुरन्स'. नवी गाडी घेणाऱ्यांची येथे एक फसगत होते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे 1 सप्टेंबर 2018 पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. त्यासोबतचा ओन डॅमेज भाग मात्र सर्वसाधारणपणे एकाच वर्षाचा असतो. "आमचा तीन वर्षांचा विमा आहे" या भरवशावर मालक निर्धास्त राहतो आणि दुसऱ्या वर्षी गाडी झाडावर आदळल्यावर त्याला कळते की तो भाग केव्हाच संपला होता. पॉलिसीच्या पहिल्या पानावर दोन्ही भागांच्या मुदती वेगवेगळ्या छापलेल्या असतात. त्या आजच पाहाव्यात.

याच पानावर 'आयडीव्ही' या अक्षरांपुढे एक आकडा असतो. गाडी चोरीस गेल्यास किंवा दुरुस्तीचा खर्च त्या आकड्याच्या पंचाहत्तर टक्क्यांपलीकडे गेल्यास जास्तीत जास्त मिळावयाची ती रक्कम. ती ठरविण्याचे रूढ कोष्टक असे: सहा महिन्यांपर्यंतच्या गाडीला तिच्या चालू विक्री-किमतीतून पाच टक्के वजा, वर्षापर्यंत पंधरा, दोन वर्षांपर्यंत वीस, तीनपर्यंत तीस, चारपर्यंत चाळीस आणि पाचपर्यंत पन्नास. त्यापुढे कंपनी व मालक यांच्या संमतीने. हप्ता कमी दाखविण्यासाठी काही एजंट हा आकडा खाली ओढतात. आठ लाखांची गाडी अडीच वर्षांची झाली असता 5 लाख 60 हजार धरावयास हवेत; तेथे साडेचार लाख लिहिले की हप्त्यात हजार-दोन हजार रुपये वाचल्यासारखे दिसतात आणि गाडी चोरीला गेली की एक लाख दहा हजार रुपये बुडतात. दोन कंपन्यांचे हप्ते ताडून पाहताना आयडीव्ही सारखा आहे ना, हे आधी पाहिल्यावाचून ती तुलना निरर्थक होय.

'फुल' म्हणवणारा हा विमा पूर्ण भरपाई देत नाही, याचा प्रत्यय गॅरेजात येतो. रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरी यांच्या किमतीतून घसारा म्हणून निम्मी रक्कम कापली जाते. फायबर ग्लासचे तीस टक्के, काचेचे काही नाही, धातूच्या भागांचे वयानुसार. दहा वर्षांवरील गाडीत तेही निम्मे. हल्लीच्या मोटारींचे पुढील तोंड जवळजवळ सगळे प्लास्टिकचे असते, म्हणून साध्या धडकेतही मालकाचा वाटा मोठा येतो. 'झिरो डेप' हे जोडसंरक्षण या कपातीसाठी आहे. पहिली पाच वर्षे ते घ्यावे, असे आम्ही निःशंकपणे सांगतो. त्यानंतर ते महाग होते किंवा मिळतच नाही. वर्षाला किती दाव्यांसाठी ते लागू आहे, ही अट विचारून घ्यावी. झिरो डेप असले तरी प्रत्येक दाव्यात ठरावीक रक्कम मालकाला भरावी लागतेच. 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला ती हजार रुपये, त्यावरील गाडीला दोन हजार.

दुसरे जोडसंरक्षण इंजिनाचे. देशात अन्यत्र कोणी ते वगळले तर आम्ही काही म्हणणार नाही. परंतु 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला तेव्हाच्या, आणि जुलै 2018 मध्ये वसई-नालासोपारा दिवसच्या दिवस पाण्यात राहिले तेव्हाच्या मोटारी ज्यांनी पाहिल्या, त्यांना यावर अधिक सांगणे नको. 2018 च्या त्या पावसात आमच्या परिचयातील एका गृहस्थांची गाडी अंगणात रात्रभर बुडाली. पाणी ओसरताच त्यांनी चावी फिरवून पाहिली. पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये ते शिरलेले असताना इंजिन फिरविले की आतील कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन जागच्या जागी अडकते. आसने, वायरिंग, गालिचा यांचे पैसे कंपनीने दिले. इंजिनाचे दिले नाहीत. पुराने झालेली हानी ती वेगळी आणि मालकाने चावी फिरविल्यामुळे झालेली परिणामी हानी ती वेगळी, असे तिचे उत्तर होते आणि पॉलिसीच्या शब्दांत ते बसत होते. बुडालेली गाडी सुरू करू नये. बॅटरीची तार काढावी, पाण्याची खूण दिसेल असे छायाचित्र घ्यावे, कंपनीला कळवावे आणि गाडी ओढून न्यावी. इंजिनाचे संरक्षण घेतलेले असले तरीही हेच करावे, कारण त्यालाही अटी असतात.

बाकीच्या जोडसंरक्षणांवर शब्द खर्च करण्याची गरज वाटत नाही. नव्या गाडीला पहिली तीन वर्षे 'रिटर्न टू इनव्हॉइस' घेतल्यास चोरीनंतर खरेदीची किंमत मिळते, ते ठीक. किल्ली हरविणे, सामानाची हानी इत्यादी प्रकार ज्याला परवडतात त्याने घ्यावेत. ज्यांची गाडी आठवड्यातून एकदाच बाहेर निघते, त्यांनी किलोमीटरच्या हिशेबाने हप्ता आकारणाऱ्या योजनेची चौकशी करावी. जुलै 2022 मध्ये विमा नियामकाने तशी मुभा दिली आहे.

दावा न करणाऱ्याला मिळणारी सूट, 'नो क्लेम बोनस', पहिल्या वर्षानंतर वीस टक्के आणि मग पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस, पन्नास अशी वाढत जाते. ती ओन डॅमेजच्याच हप्त्यावर असते. हा हप्ता नऊ हजार असून सूट पन्नास टक्क्यांवर पोहोचली असेल, तर चार हजारांच्या खरचट्यासाठी दावा करणारा पुढल्या वर्षी साडेचार हजार अधिक भरतो, आणि त्यापुढील वर्षी पुन्हा वीसपासून प्रारंभ करतो. खरचटा स्वखर्चाने काढावा. ही सूट गाडीची नसून माणसाची आहे. जुनी गाडी विकून नवी घेताना कंपनीकडून दाखला घेतल्यास ती सोबत नेता येते. मुदत संपल्यापासून नव्वद दिवसांत नूतनीकरण न झाल्यास मात्र ती जाते. मागील वर्षी दावा केलेला असतानाही अर्जावर 'दावा नाही' अशी खूण करणारे एजंट आहेत. स्वस्त हप्त्याच्या आनंदात आपण त्यावर सही करतो आणि पुढील दाव्याच्या वेळी ती सही आपल्याविरुद्ध पुरावा ठरते.

वापराचेही तसेच. खासगी मोटारीची पॉलिसी भाड्याने प्रवासी नेण्यास आणि स्वतःच्या सामानापलीकडे माल वाहण्यास लागू नाही. पहाटे फुलांच्या वा भाजीच्या टोपल्या दादरला पोहोचविणारी, सप्टेंबरात माउंट मेरीच्या जत्रेला माणशी भाडे घेऊन नेणारी पांढऱ्या पाटीची गाडी विमा असूनही विम्याबाहेर असते. तसा वापर होणार असल्यास गाडीची नोंदणी व विमा व्यावसायिकच हवा. मागाहून बसविलेल्या सीएनजी संचाची नोंद नोंदणी पुस्तकात आणि पॉलिसीत, अशी दोन्हीकडे असावी.

गाडी विकल्यावरही जबाबदारी सुटते असे समजू नये. आरटीओच्या दप्तरी ज्याचे नाव, तोच मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार प्रकरणात 2018 साली म्हटले आहे. त्या प्रकरणात गाडी एकामागून एक अनेक हातांत गेली होती, तरीही भरपाईचा बोजा नोंदलेल्या पहिल्या मालकावर आला. कोऱ्या फॉर्मवर सही करून चावी देण्याची आपली पद्धत म्हणूनच घातक आहे. घेणाऱ्याने खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत पॉलिसी आपल्या नावे करण्यासाठी अर्ज करावा. तसे न केल्यास त्याच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो.

दावा अन्यायाने नाकारला गेला, असे वाटल्यास आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी आणि पोच घ्यावी. तीस दिवसांत उत्तर न आल्यास किंवा ते न पटल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. त्याला शुल्क नाही, वकीलही लागत नाही. मात्र कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एक वर्षाच्या आत जावे लागते. अर्जासोबत पॉलिसीची प्रत, दाव्याचा क्रमांक, कंपनीचा नकार, सर्वेक्षकाचा अहवाल मिळाला असल्यास तो, आणि दुरुस्तीची बिले जोडावीत. नुकसानीची छायाचित्रे भ्रमणध्वनीतच राहू न देता त्यांच्या प्रतीही काढून जोडाव्यात.